गॅदरिंगमध्ये विशेष मुलांचा नाच वेगळा असावा की वर्गाबरोबर?

सारंगी_सातारा

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी संगीत शिकवते. गॅदरिंग बसवायचं कामही माझ्याकडेच असतं. यंदा आठवी-नववीत मिळून सहा मुलं अशी आहेत ज्यांच्यासाठी मला वेगळा विचार करायचा आहे. एका मुलीला डाउन सिंड्रोम आहे. एक मुलगा स्वमग्न आहे. गाणं एकदा ऐकलं की सुरासकट पाठ, पण हॉलमध्ये गोंगाट वाढला की कान झाकून बाहेर पळतो. एका मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) आहे. एक मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअर वापरतो. आणखी दोघांना बौद्धिक अक्षमता आहे, त्यातला एक जवळजवळ बोलत नाही.

तालुक्याहून विशेष शिक्षिका येतात, पण आठवड्यातून एकदाच, आणि तो वेळ वाचन-गणितात जातो. नाच-गाण्याचं कुणी कधी विचारलेलं नाही.

आजवरची पद्धत अशी: या मुलांचा एक वेगळा कार्यक्रम. पांढरे कपडे, एखादं प्रेरणेचं गाणं, समोर जमिनीवर बसून बाई हातवारे करणार आणि मुलं ते बघून करणार. शेवटी पाहुणे डोळे पुसणार. मला हे नको आहे. ही मुलं तेरा-चौदा वर्षांची आहेत, त्यांना गाणं कळतं, आवड-नावड आहे. माझ्या मते ती वर्गाबरोबरच उभी राहायला हवीत आणि प्रत्येकाचं काम त्याच्यासाठी बेतलेलं हवं. सहकारी म्हणतात, वर्गाच्या नाचात ही मुलं मागच्या रांगेत हरवतात, त्यांच्या आईबाबांनासुद्धा दिसत नाहीत. तेही खरं आहे.

कार्यक्रम जानेवारीत आहे, आठ मिनिटं मिळतील. ज्यांनी अशा मुलांना नाच, गाणं, नाटक शिकवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

काठावरचा

वाचतोय. चांगला धागा.

अनुपमा_ठाणे

ताई, मी विशेष शाळेत शिकवते आणि मी वेगळ्या कार्यक्रमाच्या बाजूची आहे. कारण सांगते. आमच्याकडची मुलं शेजारच्या मोठ्या शाळेबरोबर 'एकत्र' कार्यक्रमाला गेली की नेमकं तुमचे सहकारी म्हणतात तेच होतं. झाड, ढग, पालखीमागची गर्दी. एका मुलाला पूर्ण वेळ फळी धरून उभं केलं होतं. आमच्या स्वतःच्या कार्यक्रमात तोच मुलगा नायक असतो.

वेगळं असणं वाईट नाही, दयेचं असणं वाईट. पांढरे कपडे आणि रडकं गाणं काढून टाका, वेगळा कार्यक्रम आपोआप चांगला होईल. राज्य सरकारचं सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग मुलांची वेगळी बालनाट्य स्पर्धा घेतं. ती बघा एकदा. तिथे कुणी रडायला बसलेलं नसतं. नेपथ्य, प्रकाश, अभिनय यांवर गुण मिळतात आणि मुलं हरली की चिडतात.

आणखी एक. बडबडगीतं नकोत. नववीतल्या मुलाची आकलनशक्ती लहान मुलाइतकी आहे असं कागदावर लिहिलेलं असलं तरी तो चौदा वर्षांचा आहे. त्याला मिसरूड फुटलंय. त्याला ससा करू नका.

घुंगरू

शेवटच्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन.

मी पुण्यात कथक शिकवते. माझ्या वर्गात डाउन सिंड्रोम असलेल्या दोन मुली आहेत, त्यामुळे तेवढ्यापुरतंच लिहिते. या मुलींना ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा बघून लक्षात ठेवणं सोपं जातं. तोंडी सूचनांचा मारा केला तर त्या गप्प उभ्या राहतात आणि लोकांना वाटतं, समजत नाही. मी सूचना देतच नाही. मी शेजारी उभी राहून करते, समोर नाही. समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं आणि तो हिशेब त्यांच्यावर पडतो. तुकडे छोटे, क्रम कायम, आणि प्रत्येक तुकड्याला एक चित्र भिंतीवर. नवीन तुकडा शेवटी जोडण्याऐवजी आधी शेवटचा तुकडा शिकवते आणि मागे मागे येते. त्यामुळे दरवेळी नाच ओळखीच्या जागी संपतो आणि मुलगी खुशीत थांबते.

चक्करांबद्दल, म्हणजे गिरक्यांबद्दल, मात्र थांबा. त्याविषयी इथल्या डॉक्टर मंडळींनी लिहावं.

फिजिओ_कोल्हापूर

डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, पण हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहिते.

डाउन सिंड्रोममध्ये काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. कोलांटी, मानेला झटका, डोक्यावर भार येणारी पिरॅमिड हे सगळं बाद. चालण्यात अचानक बदल, मान दुखणं, हातात मुंग्या असं काही दिसलं तर तालीम थांबवून डॉक्टरांकडे पाठवा. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. काहींची शस्त्रक्रिया लहानपणी झालेली असते, तरी पालकांना विचारून घ्या की धावपळीची मुभा किती आहे.

व्हीलचेअरवरच्या मुलाबद्दल: स्नायू ताठर असणाऱ्या प्रकारात अचानक मोठा आवाज झाला की सगळं अंग दचकून ताणलं जातं. मुलगा घाबरट नाही, ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. त्यामुळे त्याची हालचाल ढोलाच्या पहिल्या ठोक्यावर ठेवू नका. आधी दोन-चार मात्रा हळू आवाजात जाऊ द्या. तालमीआधी अंग सैल करायला वेळ द्या, थंडीत जास्त. आणि तो थकला की उच्चार आणि हालचाल दोन्ही बिघडतात, म्हणून त्याची तालीम सकाळी आणि सगळ्यात आधी.

कुणाला फिट येत असतील तर लुकलुकणारे दिवे पूर्ण बंद. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश काही मुलांना त्रास देतो. डीजेवाल्याला आधी सांगून ठेवा, ऐनवेळी कुणी ऐकत नाही.

धाधिंधिंधा

मिरजेहून लिहितो, तबला शिकवतो. सारंगीताई, इम्प्लांटवाल्या मुलीला गाण्याच्या गटात घालू नका, तालाच्या गटात घाला. कानातल्या शंखात साधारण साडेतीन हजार पेशी मेंदूकडे आवाज पोचवतात. इम्प्लांटमध्ये ते काम कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. त्यामुळे ताल तिला चांगला कळतो, जवळजवळ आपल्यासारखा. चाल मात्र धूसर ऐकू येते. 'सूर लागत नाही' म्हणून तिला बोल लावणारे शिक्षक मी बघितलेत, म्हणून सांगतो.

आपल्या तालपद्धतीत एक सोय शेकडो वर्षांपासून आहे. टाळी आणि खाली. टाळी वाजते, खालीला हात नुसता बाहेर उघडतो, आवाज होत नाही. म्हणजे ताल डोळ्यांना दिसतो! तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिली, पाचवी, तेरावी टाळी आणि नववी खाली. न ऐकणारं मूलसुद्धा समोरच्याच्या हाताकडे बघून आवर्तनात कुठे आहोत ते सांगू शकतं. मी सुरुवात केरव्याने करतो, आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग, एक टाळी एक खाली. हात बसला की मग डग्ग्यावर तळवा ठेवायला लावतो. घुमारा तळहातातून कोपरापर्यंत जातो.

न बोलणाऱ्या मुलाकडूनही पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं, करून बघा. 'धा', 'ना' ही अक्षरं भाषेची नाहीत, त्यांना अर्थ नाही, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. तोतरं बोलणारी मुलं पढंत आणि समूहगान सहसा न अडखळता करतात.

बिनआवाजाचा

मी जन्मतः कर्णबधिर. कर्णबधिरांच्या शाळेत शिकलो, आता मुंबईत नोकरी करतो. मराठी माझी दुसरी भाषा आहे, चुका असतील तर समजून घ्या.

शाळेत नाच केला. बाई समोर उभ्या राहून बोटांनी मोजायच्या. लोकांना वाटायचं आम्ही गाणं ऐकतोय, खरं म्हणजे आम्ही बाईंची बोटं बघत होतो. बाईंना सर्दी झाली, शिंक आली, सगळा नाच एक मात्रा पुढे गेला. सगळे एकत्र गेलो, म्हणून कुणाला कळलं नाही.

मला राग कशाचा येतो ते सांगतो. ऐकणारी मुलं हिंदी गाणं लावून शब्दाशब्दाला खूण करतात आणि त्याला 'साइन लँग्वेज डान्स' म्हणतात. ती आमची भाषा नाही. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, चेहरा आणि भुवया त्यात व्याकरणाचं काम करतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला, २०२१ मध्ये तो १०,००० पर्यंत गेला. इंटरनेटवर व्हिडिओ आहेत. गाण्यात खुणा घ्यायच्या तर एखाद्या बधिर माणसाला बोलावून त्याच्याकडून घ्या. नाहीतर घेऊ नका.

आणि जमीन. शहाबादी फरशीतून काही येत नाही. लाकूड हवं. प्लायवूडचे ८ बाय ४ फुटांचे तक्ते जमिनीवर टाका, बूट काढा, स्पीकर त्या तक्त्यावर उपडा ठेवा. ताल पायातून पोटात येतो.

लेस्टरकर

@बिनआवाजाचा, तुमचा प्रतिसाद मी माझ्या सहकाऱ्यांना भाषांतर करून पाठवतोय, चालेल ना? मी इंग्लंडमध्ये विशेष शाळेत सहायक आहे. स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी ही तालवादक बहुतांशी बधिर आहे आणि अनवाणी वाजवते. खालचे स्वर पायात-मांड्यांत आणि वरचे चेहऱ्यावर-मानेत जाणवतात असं ती सांगते.

इकडची एक पद्धत उपयोगी पडेल. नाट्यगृहं काही खेळ मुद्दाम 'सैल' ठेवतात. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, मधे उठून जायला-यायला परवानगी, बाहेर एक शांत खोली. स्वमग्न मुलं प्रेक्षक म्हणून यावीत यासाठी हे सुरू झालं, पण कलाकार मुलांनाही तेवढंच लागतं. सारंगीताई, तुमच्या त्या मुलासाठी रंगमंचाजवळ एक वर्ग रिकामा ठेवा आणि त्याला तो आधी दाखवा. बाहेर पळायची वाट माहीत असली की मुलं बरेचदा पळत नाहीत.

नववीचीआई

लेस्टरकर, हे शंभर टक्के खरं. माझा मुलगा स्वमग्न आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, राग मानू नका. इथे सगळे 'कसं उभं करायचं' यावर बोलताहेत. त्याला उभं राहायचं आहे का हे कुणी विचारायचं?

आमच्या शाळेत दोन वर्षं त्याला नाचात ओढलं. कौतुकाने, प्रेमाने, सगळं मान्य. तो रात्रभर झोपायचा नाही. तिसऱ्या वर्षी नव्या सरांनी त्याला चित्रांचे तीन कागद दिले: नाच, गाणं, आवाजाची पेटी. त्याने पेटीवर बोट ठेवलं. आता सगळ्या कार्यक्रमाचा ध्वनी तो सांभाळतो, कान झाकणारे हेडफोन लावून. कोणतं गाणं किती सेकंदांनी सुरू होतं हे त्याला पाठ आहे. त्याला व्यासपीठ नको होतं, काम हवं होतं.

तिसरीघंटा

ताई, तुमच्या मुलाचं छान झालं. पण याचा आधार घेऊन शाळा सगळ्यांनाच पडद्यामागे पाठवतील अशी भीती वाटते. 'त्याला पडदा ओढायला आवडतं' हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकलंय आणि दरवेळी ते मोठ्या माणसांनी म्हटलेलं होतं.

नववीचीआई

म्हणूनच निवड मुलाने करायची, आणि खरे पर्याय समोर ठेवून. नुसतं 'येतोस का' विचारलं तर माझा मुलगा 'येतोस का' एवढंच परत म्हणतो. मग लोक समजतात, हो म्हणाला.

तिसरीघंटा

मान्य.

आता नाटकाचं. मी हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन करतो आणि दोन शाळांत नाट्यवर्ग घेतो, सगळ्या प्रकारची मुलं एकत्र. भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (मनातल्या भावाचा). शाळेतल्या नाटकात आपण वाचिकालाच नाटक समजतो, म्हणून न बोलणाऱ्या मुलाला नाटक नाही. वाचिक गेलं तरी तीन उरतात की. आमच्याकडे एक मुलगा बोलत नाही, तो राजा होता. दरबारात येऊन बसायचं, सगळ्यांकडे बघायचं आणि हात वर करून शिक्षा द्यायची. त्याची नजर इतकी थंड की सरदाराचं काम करणारा मुलगा खरंच घाबरायचा.

सुधारणा कितीही करा, तालमीत कालचं आजही तसंच हवं. जागा खडूने आखून घ्या, कोण कुठे ते रंगांनी. कपडे शेवटच्या दिवशी नाही, पहिल्या आठवड्यापासून घालायला द्या. जरीची किनार, मानेवरचं लेबल, फेट्याचा दाब यांनी काही मुलं हैराण होतात आणि कारण सांगता येत नाही.

आठ मिनिटांसाठी माझी सूचना: भारूड. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, मुका, बहिरा अशी पात्रंच आहेत. ती याच मुलांनी केली तर किती अर्थ येईल!

मुळामुठा

तिसरीघंटा, बाकी सगळं पटलं, हे अजिबात नाही पटलं.

मी पूर्ण अंध आहे. नाथांचा आंधळा म्हणजे परमार्थ न दिसणारा, बहिरा म्हणजे संतांचं न ऐकणारा. तिथे आंधळेपण हे अज्ञानाचं रूपक आहे. नाथांनी ते ज्या काळात, ज्या श्रोत्यांसाठी लिहिलं त्याबद्दल मला तक्रार नाही, मी ती भारुडं आवडीने ऐकतो. पण अंध मुलीला व्यासपीठावर उभं करून तिच्याच तोंडून हे म्हणवून घ्यायचं आणि समोरच्या तीनशे माणसांना रूपक समजेल अशी आशा करायची? ते तिच्याकडे बघून च्च करतील आणि घरी जातील.

तिसरीघंटा

विचार करतो आहे. डोळस माणसाने आंधळ्याचं सोंग घेतलं की रूपक राहतं, अंध मुलीने केलं की ते तिचं चरित्र होतं. असंच ना?

मुळामुठा

बरोबर. तिला विंचवाचं भारूड द्या ना. विंचू सगळ्यांनाच चावतो.

संगीताबद्दल थोडं लिहितो. मी अंधशाळेत असताना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या, प्रारंभिकपासून पुढे. नोटेशन ब्रेलमध्ये घेतलं. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचा आणि १८२९ मध्ये त्याने आपली लिपी जाहीर केली तेव्हाच तिच्यात संगीतही लिहिता येईल अशी योजना होती. आणि ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं त्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली होती. कुरुंदवाडहून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला पाठवलं ते त्यामुळेच. धाधिंधिंधा यांच्या गावची गोष्ट.

माझ्या गुरुजींनी मला कधी सवलत दिली नाही. तान चुकली की परत. त्याच वेळी खोलीत कुठे काय आहे ते पहिल्याच दिवशी हाताला धरून दाखवलं आणि नंतर तंबोऱ्याची जागा कधी बदलली नाही. शिस्त गाण्यात, सोय बाकी सगळ्यात. मला हेच बरोबर वाटतं. नाटकात स्वागत थोरातांनी अंध कलाकारांना घेऊन केलेलं काम मराठीत माहीत असायला हवं. २००८ पासून ब्रेलमध्ये निघणारं 'स्पर्शज्ञान' पाक्षिकही त्यांचंच. रंगमंचाची कड कळावी म्हणून सुतळी पसरून तिच्यावर चिकटपट्टी मारा. पावलाला लागते, प्रेक्षकांना दिसत नाही.

घुंगरू

हाताला धरून दाखवण्याबद्दल एक जोडते. मुद्रा, पवित्रा शिकवताना अंध मुलींना आणि इतरांनाही स्पर्श करावा लागतो. ही वयात आलेली मुलं आहेत. दरवेळी सांगून, विचारून, आणि शक्यतो माझ्या हातावर त्यांचा हात ठेवून. 'नको' म्हणायची खूण पहिल्या दिवशीच ठरवून घेते. या मुलांना आयुष्यभर कुणीही कुठेही धरून हलवतं, खायला घालतं, कपडे बदलतं. 'नको' म्हटल्यावर समोरचा थांबतो हे नाचाच्या वर्गात कळलं तर ते नाचापेक्षा मोठं शिक्षण आहे.

अनुपमा_ठाणे

घुंगरू, हे सोन्यासारखं लिहिलंत. मुलींच्या पाळीचंही लक्षात ठेवा. पांढऱ्या कपड्यांविरुद्ध तेही एक कारण.

काठावरचा

एक गोष्ट सांगतो, माझ्या भाच्याच्या शाळेतली. अफजलखान वधाचा प्रसंग. डाउन सिंड्रोम असलेला एक मुलगा मावळा होता, लढाईत मरायचं काम. मस्त मेला. टाळ्या पडल्या तसा उठला, वाकून नमस्कार केला, आणि परत त्याच जागी जाऊन मेला. त्याहून जोरात टाळ्या. पुन्हा उठला. अफजलखानाला शेवटी त्याच्यावरून ओलांडून जावं लागलं.

सारंगी_सातारा

:हसून हसून: हे मुलांना सांगणार आहे.

तिसरीघंटा

त्या मुलाला प्रेक्षक कळतो. हे शिकवून येत नाही.

सह्याद्री_७०

कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. निवृत्त मुख्याध्यापक आहे. ज्या कार्यक्रमाला तुम्ही दयेचा म्हणता त्यातूनच आमच्या शाळेला व्हीलचेअर चढवायचा उतार मिळाला, दोन व्हीलचेअर मिळाल्या. पाहुणे डोळे पुसतात आणि खिशात हात घालतात. सरकारी निधीची वाट बघत बसलो असतो तर ती पोरं दहावी होऊन गेली असती.

मुळामुठा

सर, तुमचा हेतू चांगला होता यात शंका नाही, उतारही खरा आहे. पण उतार हा त्या मुलांचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलंय, सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, आणि कलम २९ सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याबद्दलच आहे. उतारासाठी त्यांनी रंगमंचावर येऊन लोकांना रडवायचं असेल तर ते त्यांच्याकडून घेतलेले कष्ट झाले.

सह्याद्री_७०

कायदा मला माहीत आहे. कायद्याने सिमेंट येत नाही. असो, मुद्दा पोचला.

फिजिओ_कोल्हापूर

उताराचं निघालंच आहे तर: प्रमाण १ ला १२. म्हणजे रंगमंच ३ फूट उंच असेल तर उतार ३६ फूट लांब हवा. दोन फळ्या टाकून केलेला उतार घातक असतो. चार जणांनी खुर्ची उचलून वर नेणंही नको. मुलाला सगळ्यांसमोर सामानासारखं उचललेलं कधीच आवडत नाही.

धाधिंधिंधा

मग वर जायचंच कशाला? गोंधळ, भारूड, लेझीम ही सगळी जमिनीवरची कला आहे. लोक भोवती बसतात, मधे रिंगण. मैदानात करा!

लेझीम तर हाताशी असतेच शाळेत. बसून खेळता येते, चारच्या ठेक्यावर आवाज आणि दणका दोन्ही हाताला कळतात. फक्त ती लोखंडी जड लेझीम सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला नको, मनगट वळत नाही. त्याच्या मांडीवर डग्गा बांधा. हलगी आमच्या भागात सगळ्यांना आवडते, पण तुमच्या स्वमग्न मुलाला तो कडकडाट सहन होईल असं वाटत नाही. झांजही नको. डग्गा, घट, ढोलकीची धुम यांचा त्रास कमी.

नववीचीआई

आणि शेवटी टाळ्या. टाळ्यांच्या वेळी पोरं कोसळतात. निवेदकाला सांगायला लावा की हात वर करून नुसते हलवायचे. बिनआवाजाचा यांच्या समाजात तीच पद्धत आहे ना?

बिनआवाजाचा

हो. पाचशे हात एकदम हलतात तेव्हा ती खरी टाळी.

लेस्टरकर

स्वमग्न मुलगा ऐकलेलं परत परत म्हणतो असं असेल तर भारूड-गोंधळात त्याच्यासाठी जागा तयारच आहे. झिलकरी! मुख्य गायकाच्या ओळीचा शेवट उचलून धरायचा, सुरात. वर्गात ज्याला आपण 'पोपटपंची थांबव' म्हणतो ते इथे अवघड काम आहे आणि त्याच्याइतकं अचूक कुणी करणार नाही.

धाधिंधिंधा

वा. हे मला सुचायला हवं होतं.

सारंगी_सातारा

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आणि विशेष शिक्षिका, दोन पालक आणि नववीचा वर्गप्रतिनिधी यांच्याबरोबर बसले. ठरलंय ते लिहिते.

रंगमंच नाही. मैदानात रिंगण, दिवसाउजेडी, म्हणजे दिव्यांचा प्रश्न मिटला. विंचवाचं भारूड, त्यात मधे लेझीम. सगळा वर्ग, चाळीसच्या वर मुलं, पण रिंगणात सगळ्यात आतल्या फेरीत फक्त बाराजण आणि त्यात ही सहा मुलं. त्यामुळे मागच्या रांगेत हरवायचं कारण नाही. रिंगणाला मागची रांग नसतेच.

मुलांना चित्रांचे कागद दिले. डाउन सिंड्रोमच्या मुलीने विंचू चावलेली बाई निवडली. तिच्याआधी वर्गातल्या दुसऱ्या मुलीला ते काम दिलं होतं, आता दोघी बहिणी झाल्या आहेत आणि दोघींना चावतो. इम्प्लांटवाली मुलगी लेझीमची पुढारी आहे, टाळी-खालीचा हात तीच दाखवते आणि ऐकणारी मुलंसुद्धा तिच्याकडे बघून खेळतात. डग्गा व्हीलचेअरवरच्या मुलाच्या मांडीवर. बोलत नाही तो मुलगा मांत्रिक आहे, विंचू उतरवायला येतो. हे काम त्याने स्वतः मागितलं, चित्रावर दोनदा बोट आपटून. राहिलेला मुलगा लेझीममध्ये आहे, त्याच्या शेजारी त्याचा मित्र, खडूच्या खुणेवर.

झिलकरी व्हायचं का असं स्वमग्न मुलाला विचारलं तर त्याने उत्तर दिलं नाही, पण ओळ उचलली. त्याच्या आईने सांगितलं की हे 'हो' आहे असं आत्ताच धरू नका. म्हणून ध्वनीची पेटी हाही पर्याय खुला ठेवलाय आणि झिलीला आणखी दोन मुलं आहेत. त्याने ऐनवेळी नको म्हटलं तरी काही अडणार नाही.

अनुपमाताई, तुमचं म्हणणं डोक्यात ठेवून या सहा जणांची तालीम आठवड्यातून दोनदा वेगळी घेते आणि मग वर्गात मिसळते.

अनुपमा_ठाणे

हे आवडलं. शिकवताना वेगळं, दाखवताना एकत्र. तरी मी माझ्या शाळेत वेगळा कार्यक्रम करतच राहणार, कारण माझ्याकडे मिसळायला दुसरा वर्गच नाही. पुढच्या वर्षी तुमच्या वर्गाला ठाण्याला आणा.

लोककलेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, त्याची नियमावली शाळेतून आत्ताच मागवा. आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रस्ताव पाठवायचा असतो हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

सह्याद्री_७०

प्रस्ताव शाळेमार्फत जातो. कागद वेळेत पाठवा, मुदतीनंतर मंडळ ऐकत नाही. आणि सारंगीताई, पाहुणा म्हणून कुणाला बोलावणार ते ठरलं नसेल तर तुमच्याच भागातला एखादा भारूडकार बोलावा. तो रडणार नाही, चुका काढेल.

सारंगी_सातारा

सर, ही सूचना नक्की. @बिनआवाजाचा, प्लाय किती जाडीचं घेऊ? मैदान मातीचं आहे.

बिनआवाजाचा

१९ मिमी. मातीवर थेट ठेवू नका, माती कंप खाऊन टाकते. खाली लाकडी पट्ट्या द्या, पोकळी राहू दे. कडा चिकटपट्टीने जोडा, व्हीलचेअरचं पुढचं चाक फटीत अडकतं. फोटो पाठवतो.